प्रबंध पुरा झाल्यावर

"तुमचे गाईड कोण?"

पुण्यातल्या एका ग्रंथालयाच्या खिडकीशी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला, त्याला आता वीस वर्षे तरी झाली असतील. मला एक जुना पीएच.डी.चा प्रबंध पाहायचा होता. गाईड नाही, मी कुठल्या विद्यापीठाचा विद्यार्थी नाही, नोकरी सांभाळून आपल्या आवडीने वाचतो, असे सांगितल्यावर खिडकीपलीकडचे गृहस्थ काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "मग प्रबंध कशाला हवा?" पुढे पत्र, शिफारस, अर्ज हे सोपस्कार झाले आणि तीन आठवड्यांनी प्रबंध हाती आला. पाने उघडताना बांधणी करकरली. आतल्या कार्डावर तारखेचा एकही शिक्का नव्हता.

तेव्हापासून एक खोड लागली. कुणी कुठला प्रबंध लिहिला, यापेक्षा पदवी मिळाल्यावर त्या प्रबंधाचे पुढे काय झाले, हे मी शोधू लागलो. २०२३च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न विचारला गेला. संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा विषय निघाला होता. पुष्कळ जण संतापले, पुष्कळ जण हसले. मला तो प्रश्न गैर वाटला तरी टाळण्यासारखा वाटला नाही. कारण पुण्यात तो फार जुना आहे. विद्वत्तेवर सार्वजनिक पैसा खर्च करायचा तर कुणावर, कुणाच्या परीक्षेने, आणि त्यातून समाजाला काय मिळणार, यावर हे शहर पेशवाईपासून भांडत आले आहे.

रमण्यातली परीक्षा

श्रावणातल्या दक्षिणेची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ साली डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर ती पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. शास्त्र्यांपुढे विद्वानांची परीक्षा होई आणि ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे दक्षिणा ठरे. रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका सांगतात. त्यांचे बंधू दक्षिणेला आले तेव्हा नाना फडणिसांनी शास्त्रीबुवांच्या मानाने जास्त रक्कम द्यावी असे सुचवले. शास्त्रीबुवा म्हणाले, योग्यतेइतकीच द्या. भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी घरून देईन. गोष्ट खरी असो वा रचलेली, परीक्षकाने कसे वागावे याची पुण्याची कल्पना तिच्यात आहे. मात्र ही परीक्षा ज्या मांडवात होई, त्यात शिरण्याचा अधिकार एकाच जातीच्या पुरुषांना होता, हेही त्याच दमात सांगायला हवे.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा रोख हळूहळू बदलला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघाले. त्याचेच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. १८४९ साली काही तरुणांनी मागणी केली की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. जुन्या मंडळींनी गदारोळ केला. लोकहितवादी सुधारणेच्या बाजूने होते, आणि अर्ज करणाऱ्या तरुणांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली.

याच कमिटीकडे १८५५ साली जोतीरावांनी आपले 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून वाचकांसमोर आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. नाटक म्हणजे प्रबंध नव्हे, हे मला कळते. पण परीक्षकांचा शेरा आणि लेखनाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. कमिटीचे सभासद कोण होते, हे आज अभ्यासकांनाच ठाऊक असते. नाटक मात्र वाचले जाते.

फिलाडेल्फियात राहिलेली वही

पुण्याशी नाते असलेल्या व्यक्तीने पाश्चात्त्य विद्यापीठासाठी लिहिलेल्या सुरुवातीच्या प्रबंधांतला एक आनंदीबाई जोशी यांचा आहे. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. अमेरिकन पाठ्यपुस्तकांतले शिकलेले ज्ञान आणि आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथांतले गर्भिणी व बाळंतिणीविषयीचे विवेचन त्यांनी एकत्र मांडले. विषयाची निवड पाहिली की मन थांबते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले होते आणि ते काही दिवसांतच गेले होते. प्रबंधात त्याविषयी शब्द नसेल. प्रबंधाची रीतच तशी. पण एखादा विषय माणूस का निवडतो, याचे उत्तर पुष्कळदा प्रस्तावनेच्या बाहेरच असते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची जागा ठरली होती, पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता.

त्यांच्यावर चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट झाले. प्रबंध मात्र दीर्घकाळ तिकडेच राहिला. त्या कॉलेजने आपल्या विद्यार्थिनींची कागदपत्रे जपली आणि आज ती ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपण आनंदीबाईंचे सोसणे घरोघरी पोचवले. त्यांनी काय लिहिले, हे विचारायला आपल्याला वेळ लागला. स्त्री-संशोधकांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

एका प्रबंधाला मिळालेला वाचक

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेला गेले. कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा अभ्यास म्हणजे भारतातल्या जातींचा इतिहास. मनुस्मृतीच्या आधारे तिसऱ्या शतकातील समाजाचा शोध. तो १९०९ साली ग्रंथरूपाने आला. १९११ साली ते डॉक्टर झाले आणि पुढे 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'च्या खटाटोपाने मराठी घरांत 'ज्ञानकोशकार' म्हणून पोचले. त्यांचे हे इंग्रजी पुस्तक मराठी वाचकाने फारसे उघडले नाही.

पण त्याला एक वाचक मिळाला. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात, पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातील जातींवर निबंध वाचत होते. सेनार, नेस्फील्ड, रिस्ली यांच्या व्याख्या तपासून ते केतकरांकडे आले. जातीचे सभासदत्व जन्मानेच मिळते आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते, अशी दोन लक्षणे केतकरांनी दिली होती. आंबेडकरांनी केतकरांच्या विवेचनाचा मान राखला आणि मग दाखवले की ही दोन लक्षणे वेगळी नाहीतच. जातीबाहेर लग्न बंद केले की बाहेरून कुणी आत येण्याची वाट आपोआप बंद होते. तिथून ते अंतर्विवाह हेच जातीचे सार, या आपल्या सिद्धांताकडे वळले.

प्रबंधाचा खरा व्हायवा मला हा वाटतो. केतकर खोलीत नाहीत, पदवीचा प्रश्न नाही, ओळखपाळख नाही. एकाने मांडले, दुसऱ्याने मनापासून वाचले, चूक दाखवली आणि पुढे नेले. दोघांची सामाजिक स्थाने दोन टोकांची. तरी कागदावर ते एकमेकांशी बरोबरीने बोलू शकले. त्या काळच्या पुण्यात वा मुंबईत असे बोलणे समोरासमोर किती शक्य होते, हे वाचकांनीच ठरवावे.

आंबेडकरांच्या स्वतःच्या प्रबंधांची कथाही पाहण्याजोगी आहे. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती यायला प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर कराव्या लागत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने १९२५ साली छापला. प्रस्तावना प्राध्यापक सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव गायकवाडांना. पदवी १९२७ साली मिळाली. मधल्या काळात लंडनची डी.एस्सी. १९२३ साली 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'वर मिळाली होती. त्याची प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन सगळ्या मतांशी सहमत नव्हते आणि तसे त्यांनी लिहिलेही. दोनच वर्षांनी चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष झाली. प्रबंधाची पाने ताजी असतानाच त्यांची अशी सार्वजनिक उलटतपासणी झाली. पुढे १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात हे अर्थशास्त्रीय लेखन एकत्र आले आणि परवडणाऱ्या किमतीत सामान्य वाचकाच्या हाती पडले.

छापण्याची ही अट गरीब विद्यार्थ्याला जाचक होती, यात शंका नाही. पण तिच्यामागे एक तत्त्व होते: जे लोकांसमोर आले नाही ते संशोधन पुरे झाले नाही.

गाडगीळ आणि इरावतीबाई

धनंजयराव गाडगीळांनी केंब्रिजच्या एम.लिट.साठी हिंदुस्थानच्या अलीकडच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. १९२४ साली तो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. या पुस्तकाच्या आवृत्त्या १९७१पर्यंत निघत राहिल्या. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे प्रमुख झाले. ग्रंथालयातल्या अहवालांवरून प्रबंध लिहिणाऱ्या या माणसाने नंतर पुणे शहराचीच सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. घरोघर जाऊन प्रश्न विचारणारे लोक नेमले. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रबंधात जे कागदावर वाचले, ते पुढे गल्लीत जाऊन पाहिले.

इरावती कर्व्यांचे उदाहरण मला सर्वांत धीराचे वाटते. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. रमण्यात ज्या दक्षिणेच्या आसपासही स्त्री फिरकू शकली नसती, तिच्याच वारशातून आलेल्या पैशावर एक स्त्री संशोधन करू लागली. मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम.ए.ला विषय घेतला तो चित्पावनांचा. ज्यांना दक्षिणा वाटली जाई आणि जे ती वाटत, त्यांच्यातलाच एक समाज आता अभ्यासाचा विषय झाला.

१९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराला विज्ञानाचा झगा घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी होते, आणि पुढे नाझी राजवटीत त्यांचे वजन आणखी वाढले. मानवी कवटीच्या दोन बाजूंत जी असमानता असते तिचा वंशाशी संबंध असावा, अशी फिशर यांची अटकळ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असे लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्याच म्हणण्याविरुद्ध. १९३०च्या सुमारास हे करणारी बाई पुढे 'युगान्त' लिहिते तेव्हा भीष्म-द्रोणांपुढे का दबत नाही, ते समजते. जर्मन भाषेतला तो प्रबंध मराठी माणसाने वाचलेला नाही. पण त्यात घडलेली सवय 'युगान्त'च्या पानापानांत आहे.

घरच्या वाटा

तोवर संशोधनाची पदवी म्हटली की बर्लिन, लंडन, पॅरिस डोळ्यांपुढे येई. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनहून आले आणि भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम त्यांनी १९२५पासून सांभाळले. रामचंद्र नारायण दांडेकर हायडेलबर्गहून आले. खुद्द मराठी भाषेच्या घडणीवरचा पायाभूत ग्रंथ झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा. तो १९२० साली पॅरिसला छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली 'मराठी भाषेचा विकास' या नावाने त्याचे भाषांतर केले, तेव्हा आपल्या भाषेचा इतिहास आपल्याला आपल्या भाषेत वाचता आला.

१९३४ साली सरकारने बंद केलेले डेक्कन कॉलेज १९३९च्या ऑगस्टमध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. सुमित्र मंगेश कत्रे, हसमुख सांकलिया, इरावती कर्वे ही मंडळी तिथे जमली. संस्थेने आपल्याकडचे प्रबंध छापण्यासाठी ग्रंथमालाही काढली. शांताराम भालचंद्र देव यांचा जैन मुनिसंघाच्या इतिहासावरचा प्रबंध त्याच मालेत १९५६ साली आला. माधव जूलियन यांना 'छंदोरचना' या मराठी ग्रंथावर मुंबई विद्यापीठाने डी.लिट. दिली, शं. गो. तुळपुळे यांचा 'यादवकालीन मराठी भाषा' हा प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने आला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि पुण्याच्या मुलाला पीएच.डी.साठी मुंबईकडे पाहण्याचे कारण उरले नाही.

मग प्रबंधाभोवती एक छोटे जग उभे राहिले. टंकलेखक, बाइंडर, नकाशे काढून देणारे. मूळ प्रतीखाली कार्बन घालून काढलेल्या प्रती. शेवटची इतकी फिकट की परीक्षकाने चष्मा पुसावा. मराठी टंकयंत्रावर न उमटणारी जोडाक्षरे आणि संस्कृत रोमन लिपीतल्या टिंब-रेघा शाईने हाताने भरायच्या. काळे किंवा तपकिरी रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरे. घरातल्या किती बायकांनी रात्री बसून ही जोडाक्षरे भरली असतील! ऋणनिर्देशात त्यांच्या वाट्याला एक ओळ येते, तीही बहुधा शेवटची.

झेरॉक्सवर जगलेला प्रबंध

एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषींनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध सादर केला. त्या पुण्यात येऊन-जाऊन राहिल्या, कार्यकर्त्यांना भेटल्या, जुनी पत्रके, आठवणी, वृत्तपत्रे गोळा केली. हा प्रबंध पुस्तक म्हणून यायला पस्तीसेक वर्षे लागली. तोवर तो छायाप्रतींवर जगला. अभ्यासक त्याचे दाखले देत राहिले, पुढचे प्रबंध त्यावर उभे राहिले. मी स्वतः त्याची जी झेरॉक्स वाचली ती झेरॉक्सचीही झेरॉक्स होती. तळटिपांचे आकडे पुसट झाले होते आणि आधीच्या कुणा वाचकाने ते पेनाने गिरवले होते. त्या गिरवण्याइतकी मोठी पावती कुठल्या परीक्षकाने दिली असेल, असे मला वाटत नाही.

आज झेरॉक्सची गरज उरली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर देशभरचे लाखो प्रबंध खुले झाले. खिडकीपलीकडून "गाईड कोण?" असे कुणी विचारत नाही. माझ्यासारख्याला ही दिवाळीच आहे.

पण खुले होणे म्हणजे वाचले जाणे नव्हे. जुन्या फाँटात टाइप केलेल्या मराठी प्रबंधांत शब्द शोधू गेले तर काहीच सापडत नाही. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र भलतीच अक्षरे असतात. स्कॅन केलेल्या पानांची गत तीच. उसनवारी पकडायला २०१८ साली नियम आले. दहा टक्क्यांवर साम्य आढळले की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. यंत्र उचललेली वाक्ये पकडते. विषयच रिकामा असेल तर ते यंत्राला कळत नाही, ते वाचणाऱ्यालाच कळते. पदवीवर नोकरी आणि बढती अवलंबून असली की रिकामे प्रबंधही होणार. ते नाकारण्यात अर्थ नाही. मीही असे पुष्कळ वाचले आहेत, ज्यांत पहिली दोन प्रकरणे कुठूनही कुठेही चिकटवता येतील.

तरीही मी वाचत राहतो, कारण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कधी कधी माणूस सापडतो. दूरच्या तालुक्यातल्या कॉलेजातला शिक्षक आपल्याच परिसरात हिंडलेला असतो. तिथल्या लोकांकडून त्याने जे टिपले ते दुसरीकडे कुठेच छापलेले नसते, आणि सांगणारे लोक आता राहिलेले नसतात. असा एक प्रबंध वाचून मी लेखकाचा पत्ता मिळवला आणि पत्र टाकले. पंधरा दिवसांनी फोन आला. निवृत्त झालेले गृहस्थ होते. आधी त्यांना वाटले, काही तक्रार आहे. मग म्हणाले, "साहेब, गाईड आणि परीक्षक सोडले तर विचारणारे तुम्ही पहिलेच." प्रबंधाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. बोलता बोलता त्यांनी सांगितले की क्षेत्रकार्याच्या वह्या अजून माळ्यावर आहेत, प्रबंधात त्यातले निम्मेही आले नाही, आणि मुलगा घर बदलायचे म्हणतोय.

मी पुढच्याच रविवारी एसटीने गेलो. एकोणीस वह्या होत्या. दोन वाळवीने खाल्ल्या होत्या. उरलेल्या सतरांचे फोटो काढायला दोन दिवस लागले. त्यांच्या पत्नीने पाने धरली.

काय दिवे लावणार, या प्रश्नाला म्हणूनच मी एकट्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायला लावणार नाही. केतकरांना आंबेडकरांसारखा वाचक मिळाला, गाडगीळांना आवृत्त्या काढणारे प्रकाशक मिळाले, ब्लॉकला परांजपे मिळाले. पदवी देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक प्रबंधाचा दहा पानांचा मराठी सारांश मागावा, तो शोधता येईल अशा अक्षरांत ठेवावा, क्षेत्रकार्याच्या वह्याही जमा करून घ्याव्यात, आणि ज्या गावावर प्रबंध लिहिला त्या गावच्या वाचनालयात एक प्रत पाठवावी. याला फार पैसा लागत नाही. आणि आपण वाचकांनी वर्षातून एक प्रबंध वाचून त्याच्या लेखकाला दोन ओळी लिहाव्यात. वह्या अजून कुणाकुणाच्या माळ्यावर असतील.